आकडे सात, चकत्या नऊ

पहाटेचे पाच वाजून चार मिनिटं. नकुशी गवारे कालव्याच्या चढणीवर रस्त्याच्या कडेला सायकल उलटी करून बसली होती. पेटता मोबाइल दातांत, बाभळीची काडी उजव्या हातात. सायकलची चेन सुटून मागच्या चाकाच्या दोन चकत्यांमधल्या फटीत अडकली होती. बोटानं ओढली तर बोट सोलतं, हे ती फेब्रुवारीत शिकली. आता ती काडी वापरते. काडीनं चेन उचलायची, पायडल उलटं फिरवायचं, चेन चकतीवर बसली की काडी फेकायची. तोंडात मोबाइल असल्यामुळं शिव्या मनातल्या मनात. या सगळ्याला तीन मिनिटं दहा सेकंद लागतात. फाट्यापर्यंत हे पाच-सहा वेळा होतं.

कंपनीची बस फाट्यावर पाच पन्नासला येते. वस्तीपासून फाटा सात किलोमीटर, त्यात दीड किलोमीटर चढ. बस चुकली तर मिळेल त्या जीपनं रांजणगाव गाठायचं, म्हणजे सातच्या पाळीला पावणेआठ. तिच्या कंपनीनं यंदा कंत्राटावरच्या आठ जणांना कायम करायचं ठरवलं आहे. आठ जणांच्या यादीत आठवं नाव नकुशीचं. अट एकच: एप्रिल ते जून या तीन महिन्यांत तीनदा उशीर झाला तर नाव कापलं जाईल आणि नववं वर सरकेल. नकुशीला दोनदा उशीर झाला आहे. एकवीस एप्रिलला आणि अठरा मेला. दोन्ही वेळा चेन. सहा वर्षं कंत्राटावर काढल्यावर तिसरी वेळ येऊ द्यायची नाही, एवढंच सध्या तिच्या डोक्यात आहे.

नववं नाव ईश्वर नावाच्या पोराचं आहे. तो त्याच बसनं येतो. नकुशी बसमध्ये चढली की रोज विचारतो, "ताई, सायकल काय म्हणतीय?" त्याच्या आवाजातली काळजी खरी असते, फक्त तिची दिशा उलटी असते.

तीन जूनच्या बुधवारी ती फाट्यावर पाच सत्तेचाळीसला पोचली. तीन मिनिटं शिल्लक. बस आली तेव्हा ईश्वरनं खिडकीतून पाहिलं आणि निराशेनं "गुड मॉर्निंग" म्हणाला.

नकुशी सदतीस वर्षांची आहे. वडगाव रासाईत भीमेच्या काठाला गवारे वस्ती आहे. तिथं ती आई सारजाबाईबरोबर राहते. पावणेदोन एकर जमीन, त्यात ऊस, बांधाकडेला मेथी-कोथिंबीर. चार बहिणींतली ही शेवटची. पहिलीच्या वेळी घरात उत्साह होता, ग्रामसेवकाच्या बायकोला विचारून तिचं नाव अनुपमा ठेवलं. चौथीपर्यंत उत्साह आटला आणि आत्यानं नावाचं काम एका शब्दात उरकलं. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो, असं म्हणतात. झाला नाही. नाव मात्र राहिलं. कंपनीतल्या एका मुलीनं सुचवलं होतं की बदलून घे. नकुशी म्हणाली, "फॉर्म किती भरायचे ठाव हाय का?"

मधली तीन वर्षं ती दौंडला सासरी होती. परत का आली ते ती सांगत नाही. वस्तीनं विचारायचं पाचव्या वर्षी सोडून दिलं.

कंपनी गाड्यांच्या ब्रेकचे छोटे लोखंडी भाग घेते आणि जोडते. नकुशीचं काम आलेला माल तपासायचं. मापात नसलेल्या भागाला लाल चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर छापलेलं असतं: काय हवं, काय सापडलं, निर्णय, तपासनीसाची सही, आणि तळाला एक मोकळी जागा, तिथं पुरवठादारानं आपलं म्हणणं लिहायचं. पुरवठादार फोन करतात, ताई म्हणतात, आवाज मऊ करतात. एकदा एकानं पेढे पाठवले. तिनं पेढे लाइनवर वाटले आणि माल परत पाठवला.

असा सगळा खाक्या असलेल्या बाईला स्वतःच्या सायकलचं काम मात्र पाच महिने परत पाठवता आलं नव्हतं. कारण ते काम दाजींनी केलं होतं.

सायकल मूळ कंपनीतल्या एका पुण्याच्या इंजिनिअरची. वजन कमी करायला घेतली होती. वजन राहिलं, सायकल गेली. मागच्या चाकाला लहानापासून मोठीपर्यंत नऊ दातेरी चकत्या. हँडलवर उजव्या हाताला खटका. खटका एकदा दाबला की चेन शेजारच्या चकतीवर सरकते. चढाला मोठी चकती, सपाटीला लहान. या जानेवारीत खटका दाबला की नुसताच खाली जाऊन वर यायला लागला. टक होईना. नकुशी सायकल घेऊन शिरूरला गेली.

शिरूरला मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यावर हौसरावांचं दुकान आहे. हौसराव म्हणजे थोरल्या अनुपमाचे यजमान, नकुशीचे दाजी. वय बावन्न. दूधवाल्यांच्या डबलदांडी सायकलींवर हात बसलेला माणूस. वाकडं चाक सरळ करायला घेतलं तर नुसत्या आरांच्या आवाजावरून करतात, आणि त्यात तालुक्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. गिअरच्या सायकली पुढं आल्या. हौसरावांनी दुकानाच्या पाटीवर "सर्व प्रकारच्या गिअर सायकली खात्रीशीर" एवढी एक ओळ वाढवली आणि काम सुरू केलं. त्यांचा नियम साधा आहे: बसलं म्हणजे जमलं. नट आटला, भाग हलत नाही, म्हणजे तो त्या सायकलचाच भाग.

त्यांनी नकुशीचा खटका काढून भंगाराच्या डब्यात टाकला आणि नवा बसवला.

"दाजी, ह्याच्यावर आकडं सातच हायेत," नकुशी म्हणाली.

"मग?"

"मागं चकत्या नऊ हायेत."

"दोन स्पेअर."

"आँ?"

"जीपला स्टेपनी आसती का न्हाई? तशा ह्या दोन. लागल्या तर हायेत, न्हाई लागल्या तर खात न्हाईत काय."

शेजारचा पंक्चरवाला हसला, दाजी हसले, नकुशीही हसली. तेव्हा तिला कायमच्या यादीतलं काही माहीत नव्हतं.

दुकानापुढचा रस्ता सपाट आहे. हौसराव सायकल चहाच्या टपरीपर्यंत नेतात, परत आणतात, म्हणजे तपासणी झाली. चढावर काय होतं ते कळायला वडगावचा कालवा लागतो.

फेब्रुवारीत ती परत गेली. "दाजी, तुमचं काम बेकार हाय," असं तिनं स्पष्ट शब्दांत सांगितलं. दाजी इतके हसले की त्यांना पाना खाली ठेवावा लागला. त्यांनी चहा मागवला आणि पंक्चरवाल्याला सांगितलं, "बघा, ही आमची मेव्हनी. आशीच बोलती."

इथं खरी अडचण आहे. मेव्हणीनं दाजीची टर उडवायची आणि दाजीनं ती हसून घ्यायची, हा रिवाज. नकुशीनं गेली एकोणीस वर्षं दाजींच्या मिशा, पोट, गॉगल आणि घोरणं यांवर काही बोलायचं बाकी ठेवलेलं नाही. त्यामुळं ती चेनबद्दल बोलली तरी तेही त्याच रांगेत जाऊन बसतं.

एप्रिलमध्ये पहिला उशीर झाला, त्यानंतरच्या गुरुवारी ती तिसऱ्यांदा गेली. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते. या वेळी तिनं चेष्टा न करता सांगितलं, तर दाजी म्हणाले, "आज बरं न्हाई वाटत का तुला?" आणि काळजीनं नवी चेन बसवून दिली. चांगली जाड, मजबूत. त्यांच्या मते बारीक चेन म्हणजे कंपनीनं केलेली फसवणूक. जाड चेन नऊ चकत्यांच्या फटीत मावेना. आधी ती फक्त चढावर सुटायची, आता शेजारच्या चकतीला घासून सपाटीलाही करकरायला लागली. अठरा मेचा उशीर त्या चेनचा.

मग नकुशीनं तिला जे येतं ते केलं. तिच्याकडं प्रशिक्षणाच्या वेळी स्वतः घेतलेला व्हर्नियर आहे. पहिल्या चकतीपासून नवव्या चकतीपर्यंत मोजलं: चौतीस पूर्णांक आठ मिलिमीटर. आठनं भागलं: एका चकतीपासून दुसरीचं अंतर चार पूर्णांक पस्तीस. मग खटका एक आकड्यावरून सातवर नेला आणि चेन किती सरकली ते मोजलं: तीस मिलिमीटर. सहानं भागलं: पाच. म्हणजे चकत्या चार पूर्णांक पस्तीसवर आणि खटका दर वेळी पाच सरकवतो. पहिल्या एक-दोन आकड्यांना फरक दिसत नाही. चार आकड्यावर पोचेपर्यंत चेन चौथ्या आणि पाचव्या चकतीच्या जवळजवळ मधोमध लटकते आणि कालव्याच्या चढाला नेमका चारच लागतो. नंबरची जुळणी नाही, एवढीच गोष्ट. यात सायकलचा दोष नव्हता, रस्त्याचाही नव्हता.

ती मांडवगणच्या एका मेकॅनिककडं गेली. त्यानं विचारलं, "आधी कुणी केलीय?" तिनं नाव सांगितलं. त्यानं हात मागं घेतले. "हौसरावांच्या कामाला म्या हात लावू? तुमी त्येंचीच मानसं. उद्या मला बोल."

घरी सारजाबाईंनी वाट आणखी बंद केली. "जावयाच्या हातचं काढून फेकतीस आन् दुसऱ्याचं बसिवतीस? अनुपमाला काय तोंड दावू मी?"

गावाकडून मदत होईल असंही नव्हतं. एका घरचा जावई तो गावाचा जावई. वडगावात गिअरच्या सायकली बारा. आपल्याच जावयाचं दुकान असताना दुसरीकडं जायचं कसं, म्हणून बाराच्या बारा हौसरावांकडं गेलेल्या. नकुशीची सोडली तर अकरा. त्यांतली एकही धड चालत नाही, आणि एकानंही तोंड उघडलेलं नाही. माजी सरपंच पोपटराव हे त्यातलं ठळक उदाहरण. वय चौसष्ट, शुगर. डॉक्टरांनी सायकल सांगितली. हौसरावांनी गिअर नीट केल्यापासून पोपटराव रोज सायकल हातानं ढकलत पाच किलोमीटर चालतात.

त्या बुधवारी पाळी संपवून नकुशी परत येत होती, तेव्हा पोपटराव सायकल घेऊन समोरून आले.

"आबा, बसून चालवा की जरा."

"बसलं की चेन पडती. आन् डॉक्टर काय म्हनला? सायकलीसंगं पाच किलोमीटर. संगंच हाय की मी."

"दाजींना सांगा एकदा. तुमचं ऐकतील."

पोपटरावांनी कानाला हात लावला. "जावयाला? म्या? उद्याच्याला पाव्हनं धोंड्याला येनार तुमच्यात. पंगतीला शेजारी बसायचं मला. तू सांग की. तू मेव्हनी हायस."

"मी सांगितलं की ते हसत्यात."

"मग आपन बी हसायचं," पोपटराव म्हणाले आणि सायकल ढकलत पुढं गेले.

यंदा ज्येष्ठ महिना अधिक आला होता. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, टॉवेल-टोपी, पॅन्ट-शर्ट द्यायचा, त्याचे पाय धुवायचे. जावई त्या महिन्यात देवाच्या जरा खाली आणि बाकी सगळ्यांच्या बराच वर असतो. हौसरावांचं धोंड्याचं जेवण चार जूनच्या गुरुवारी ठरलं होतं, कारण नकुशीला सुट्टी.

बुधवारी संध्याकाळी नकुशीनं वहीचं पान फाडलं, लाल स्केचपेन घेतलं आणि पट्टीनं रकाने आखले. कंपनीची चिठ्ठी बाहेर आणता येत नाही, पण तिला ती पाठ आहे.

"काय लिवतीस गं?" सारजाबाईंनी चुलीपाशी पुरण वाटता वाटता विचारलं.

"दाजींचा आहेर."

"बरं केलंस," सारजाबाई म्हणाल्या.

गुरुवारी अकराला हौसराव आणि अनुपमा मोटारसायकलवर आले. पाय धुतले, टिळा लावला. भावकीतले पाच-सहा जण आणि पोपटराव पंगतीला होते. हौसरावांनी नऊ धोंडे खाल्ले, तूप वेगळं. नवी पांढरी पॅन्ट आणि शर्ट घालून, टोपी चढवून ते अंगणात सुपारी कातरत बसले, तेव्हा त्यांची नजर लिंबाखालच्या सायकलकडं गेली. हँडलला लाल चिठ्ठी बांधलेली होती. त्यांनी ती ओढून मोठ्यानं वाचायला घेतली.

"भाग, उजवा खटका. हवं, नऊ. सापडलं, सात. भाग, चेन. हवी, रुंदी सहा पूर्णांक सहा. सापडली, सात पूर्णांक तीन. परिणाम, उशीर दोन. तिसऱ्याला नाव कायमच्या यादीतून जाईल. निर्णय, नामंजूर. तपासनीस, न. गवारे." ते खो खो हसले. "ऐकलं का आबा? दाजीला बी नापास केलं पोरीनं!"

ते इकडं तिकडं पाहत थोडा वेळ हसत राहिले. नकुशी हसली नाही. एकोणीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

"दाजी, खाली मोकळी जागा हाय," ती म्हणाली. "तिथं लिवायचं."

"काय लिवायचं?"

"तुमचं म्हननं."

"आन् न्हाई लिवलं तर?"

"मंग माल परत."

अनुपमा दारातून म्हणाली, "नकुशे, आज तरी गप बस. धोंड्याचं जेवान हाय त्येंचं."

"ताई, मी बोलले की चेष्टा हुती. म्हनून लिवून दिलंय. यादीतनं नाव गेलं तर पुन्यांदा कवा येनार?"

हौसरावांचा चेहरा थोडा बदलला. त्यांनी आधार शोधला. "आबा, तुमची सायकल बी म्याच केली न्हवं? कशी चाललीय?"

"एक नंबर," पोपटराव म्हणाले. "रोजचं पाच किलोमीटर." यात शब्दभरही खोटं नव्हतं.

"बघ!" हौसराव उठले. "थांब, मीच चालवून दावतो."

जावई एकटा कसा जाऊ द्यायचा, म्हणून पंगतीचे पाच-सहा जण उठून मागं चालत निघाले. सपाटीला सायकल करकरत गेली. कालव्याचा चढ लागला. हौसरावांनी दोन केला, तीन केला, उभं राहून जोर लावला आणि चार केला. चेन सुटली, पायडल मोकळं फिरलं आणि हौसराव पुढच्या दांडीवर बसले. जिथं लागायला नको तिथंच लागलं. टोपी रस्त्याकडेच्या चारीत गेली. पांढऱ्या पॅन्टीच्या उजव्या पायावर ग्रीसचे दातेरी ठसे उमटले.

मागचे सगळे धावले.

"रस्ता लई खराब हाय, पाव्हनं," एकजण म्हणाला. रस्ता फेब्रुवारीत डांबरी झाला होता.

"वारं आडवं हाय," दुसरा म्हणाला. बाभळीचं पान हलत नव्हतं.

"सायकलीला तुमच्या वजनाची सवं न्हाई," तिसऱ्यानं अंदाज दिला, मग त्यालाच तो बरा वाटला नाही. "म्हंजी वजन कायच न्हाई तुमचं. सायकलच आवघड."

पोपटरावांनी टोपी उचलून झटकली आणि दोन्ही हातांनी परत दिली.

हौसराव रस्त्यावर उकिडवे बसले होते. श्वास परत आल्यावर त्यांनी बोट लावून चकत्या मोजल्या. मग खटका वरखाली केला. मग परत चकत्या मोजल्या. हे तीनदा झालं. मग त्यांनी वर पाहिलं.

"आबा, खरं सांगा. तुमची चेन पडती का?"

पोपटरावांनी नदीकडं पाहिलं. "पडती आसं न्हाई... उतरती."

"कवापासनं?"

"दोन वरसं झाली आसतील."

"आन् तुमची?" हौसरावांनी दुसऱ्याला विचारलं. तो म्हणाला की त्याची उतरत नाही, कारण त्यानं चेन काढूनच ठेवली आहे. पोरगी उतारानं शाळेत जाते आणि येताना ढकलत आणते.

"आन् येकानं बी सांगितलं न्हाई?"

"पाव्हनं, तुम्ही जावई," पोपटराव म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं खुलासा पूर्ण झाला होता.

हौसरावांनी बोटांवरचं ग्रीस मातीत पुसलं. मग म्हणाले, "शिरूरला रोज शिव्या खातो मी. न्हावऱ्याचं येत्यात, निमगावचं येत्यात, भांडून जात्यात. मी समद्यांना सांगायचो, वडगावला जाऊन इचारा. बारा सायकली हायेत माझ्या हातच्या, येक तक्रार न्हाई. मला वाटायचं, कामाची कदर आसावी तर वडगावासारखी."

एकानं सुपारी पुढं केली.

अंगणात परत आल्यावर हौसरावांनी पेन मागितलं आणि चिठ्ठीच्या मोकळ्या जागेत उभ्या अक्षरांत लिहिलं: "खटका चुकीचा. चेन चुकीची. जुना खटका दुकानात आहे. आज बसवतो." खाली पूर्ण सही केली. नकुशीनं वाचलं आणि "तारीख," म्हणाली. त्यांनी तारीख घातली.

दुपारी एकला हौसराव आणि नकुशी मोटारसायकलवर शिरूरला गेले. भंगाराचा डबा दुकानात पालथा केला. जानेवारीतला खटका खालून दुसऱ्या थरात सापडला. हौसरावांनी तो उघडला. आत मोडलेलं, झिजलेलं, तुटलेलं काहीच नव्हतं. जुनं ग्रीस सुकून काकवीसारखं घट्ट झालं होतं आणि त्यात आतला छोटा दात चिकटून बसला होता. त्यांनी वाटीत डिझेल घेतलं, ब्रशनं धुतलं, दोन थेंब तेल सोडलं आणि खटका दाबला. टक. आठ वेळा टक झालं, म्हणजे नऊ जागा.

"पाच मिंटाचं काम व्हतं," ते म्हणाले.

नकुशी पालथं केलेलं भंगार डब्यात परत भरायला लागली.

"बोल की काय तरी."

"मी बोलले की तुम्ही हसता."

या वेळी ते हसले नाहीत. त्यांनी नवी केबल कापून घेतली, पाने पिशवीत टाकले आणि दुकानाचं शटर ओढलं.

जुनी बारीक चेन वस्तीवर खिळ्याला टांगलेली होती. नकुशीला काढलेला माल लगेच टाकायची सवय नाही. चार वाजता लिंबाखाली काम सुरू झालं. सारजाबाई दोनदा बाहेर येऊन कपाळाला हात लावून गेल्या. धोंड्याच्या दिवशी जावई मातीत बसून पाने फिरवतोय, हे उद्या भावकीत कोणत्या तोंडानं सांगायचं, असं त्या अनुपमाला विचारत होत्या. अनुपमा म्हणाली, "सांगायला कशाला पायजे? समदी भावकी हितंच हाय."

ते खरं होतं. बातमी पोचली होती. पोपटराव सायकल ढकलत आले, अंगणाच्या तोंडाशी उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, "पाव्हनं, आता इषय निघालाच हाय तर..." त्यांच्या मागं आणखी सहा सायकली होत्या. मान राखायची दोन वर्षं एकदम संपल्यासारखी माणसं बोलायला लागली. कुणाचा ब्रेक, कुणाची सीट, कुणाचा आवाज. एकजण तर हौसरावांनी कधी हात न लावलेली सायकल घेऊन आला होता. त्यालाही काहीतरी बोलायचं होतं.

हौसरावांनी प्रत्येकीच्या आधी चकत्या मोजल्या, मग खटक्यावरचे आकडे. जुळत नव्हतं तिथं खडूनं दांडीवर दोन्ही संख्या लिहिल्या आणि भाग आणावे लागतील म्हणाले. तीन सायकली जागेवर झाल्या. पोपटरावांची झाली नाही. तिच्यात आठाच्या चाकाला सहाचा खटका होता. "म्हंजी तवर चालतच जायचं का?" पोपटरावांनी विचारलं. "शुगर कितीय सध्या?" हौसरावांनी विचारलं. पोपटरावांनी आकडा सांगितला. तो उत्तम होता. "मग घाई कशाला करता?" हौसराव म्हणाले, आणि त्या दिवसातलं पहिलं मोकळं हसू अंगणात झालं.

ऊन उतरल्यावर नकुशी सायकल घेऊन चढावर गेली. एक ते नऊ, नऊ ते एक, परत एक ते नऊ. तीन फेऱ्या, दर फेरीला चारवर मुद्दाम जोर लावून. चेन हलली नाही. खाली येऊन तिनं चिठ्ठीच्या मागं लिहिलं: "फेरतपासणी, तीन फेऱ्या, नऊपैकी नऊ."

"पास का?" हौसरावांनी विचारलं. पॅन्टीवरचे डाग आता दोन्ही पायांवर होते.

"ही सायकल पास," ती म्हणाली. "दुकानाचं नंतर बघू."

हौसराव आणि अनुपमा सातला शिरूरला गेले. जाताना सारजाबाईंनी नवी पॅन्ट धुवायला ठेवून घेतली आणि जावयाला वस्तीवरची जुनी लुंगी दिली; ती नेसून मोटारसायकल चालवणं अवघड जात होतं, पण कोणी काही बोललं नाही.

तीस जूनपर्यंत गुरुवार वगळून तेवीस पाळ्या उरल्या आहेत. उद्या शुक्रवार, पहिली पाळी. वाटेत चेन बसवायला लागणारी वीस मिनिटं धरून नकुशी बुधवारपर्यंत चार वीसचा गजर लावत होती. उद्याचा तिनं चार चाळीसचा लावला आहे.